खराट्याने घडविलेले संस्कार : संत गाडगेबाबा

व्यसन वाईट, ऋण काढून केलेला समारंभ वाईट, अंगणात साचलेली घाण वाईट, हे न समजणारा मनुष्य शोधूनही सापडणार नाही. अडचण समजण्याची नसून वागण्याची आहे. समजणे आणि वागणे यांच्यामधील ही दरी कशी ओलांडावी, याचा शोध विद्वानांनी ग्रंथांतून घेतला. आपल्या वऱ्हाडात मात्र अक्षरओळखही नसलेल्या एका पुरुषाने हा शोध हातात खराटा घेऊन लावला. त्यांचे नाव संत गाडगेबाबा.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचे छोटे गाव आहे. तेथे 23 फेब्रुवारी 1876 रोजी परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी गेले व डेबूजी लहान असतानाच निवर्तले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे आली. मामा चंद्रभान यांच्या घरी गुरे राखणे व शेतीची कामे करणे हेच डेबूजींचे शिक्षण. पुढे मामाही संकटात सापडले. लिहिता वाचता येत नसल्यामुळे सावकाराच्या कागदपत्रांवर विसंबावे लागले. जमीन हातची गेली आणि त्या धक्क्याने मामांनी प्राण सोडला. एका मृत्यूच्या मुळाशी व्यसन, दुसऱ्याच्या मुळाशी अज्ञान व कर्ज. पुढे पन्नास वर्षे बाबांनी ज्या दुर्गुणांवर प्रहार केला, ते सर्व त्यांनी प्रथम स्वतःच्या घरात पाहिले होते. त्यांचा उपदेश पोथीतून आलेला नव्हता.

1892 मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. कन्येच्या बारशाचा प्रसंग त्यांच्या चरित्रातील पहिला मोठा प्रसंग मानावा लागेल. अशा समारंभात मांस व मद्य यांची पंगत देण्याची त्या काळी त्यांच्या समाजात प्रथा होती. डेबूजींनी ती मोडली आणि पाहुण्यांना गोडाचे शाकाहारी भोजन दिले. जातबांधवांची नाराजी झाली. आज आपल्याला हा प्रसंग किरकोळ वाटेल. परंतु नातलगांच्या रोषाला तोंड देऊन घरच्या कार्यात रूढी मोडणे किती अवघड असते, हे ज्याने घरचे लग्नकार्य पार पाडले आहे त्यालाच समजेल. परक्या गावात अहिंसेवर व्याख्यान देणे त्यामानाने फार सोपे. डेबूजींनी आरंभ कठीण बाजूने केला, आणि तोही ते कोणाचे संत अथवा महाराज नसताना, एक सामान्य शेतकरी असताना.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे ठिगळ लावलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हाती काठी व मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे ते गोधडेबुवा झाले, कोठे लोटके महाराज. माणसाची पारख वस्त्रावरून करण्याची जगाची रीत आहे. बाबांनी ती रीत उलटी फिरविली. अशा वेषातील मनुष्याला कोण कसे वागविते, यावरून गावाचीच पारख होऊन जाई.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. तेथे चिखलातून नदीपर्यंत उतरणे यात्रेकरूंना कठीण जाई. बाबांनी स्वतः फावडे व टोपली घेऊन वाट सुधारण्यास प्रारंभ केला, आणि 1908 मध्ये लोकांच्या साह्याने तेथे घाट उभा राहिला. स्नानाने ऋण फिटते अशी ज्या स्थानाची ख्याती, तेथेच पुढे आयुष्यभर कर्जाविरुद्ध बोलणाऱ्या पुरुषाचे पहिले मोठे लोककार्य व्हावे, हा योगायोग विलक्षण आहे.

बाबांची गावोगावीची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. गावात शिरताच ते कोणाच्या ओसरीवर जाऊन बसत नसत. हाती खराटा घेऊन रस्ता झाडू लागत, गटारे मोकळी करीत. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही, कोणाला दोष दिला नाही. थोड्या वेळाने बघ्यांतील एखाद्याला संकोच वाटे व तो हात लावी. मग दुसरा, मग दहावा. ज्याने स्वतः एक गल्ली झाडली, तो दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीत कचरा टाकताना थबकणारच. काम झाल्याशिवाय बाबा भाकरी घेत नसत. फुकटचे खाणे त्यांना मान्य नव्हते. भाकरी मागून खात, परंतु तिचे मोल श्रमाने आधीच चुकते केलेले असे.

सायंकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. ते कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतील साधा संवाद असे. बाबा विचारीत आणि समुदाय उत्तर देई. दारूने कोणाचे भले झाले काय, सण साजरा करण्यासाठी कर्ज काढावे काय, मुक्या प्राण्याचा बळी देवाला कसा आवडेल, मुलांना शाळेत घालावयाचे की नाही, असे प्रश्न ते एकामागून एक टाकीत. बाबा शक्यतो निष्कर्ष सांगत नसत, तो श्रोत्यांच्या तोंडून वदवून घेत. येथेच त्यांच्या यशाचे मर्म आहे. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट मनुष्य विसरतो, परंतु चार लोकांत आपल्याच तोंडून निघालेला शब्द त्याला सहजासहजी मागे घेता येत नाही.

अमेरिकेतील तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये मानसशास्त्रावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सवयीचे स्वतंत्र प्रकरण आहे. नव्या सवयीचा आरंभ निर्धाराने करावा, ती अंगवळणी पडेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये आणि संकल्प केल्यावर कृतीची पहिली संधी सोडू नये, असा त्यातील विचाराचा आशय. त्या वर्षी डेबूजी दापुऱ्याच्या शिवारात राबत होते. त्यांना तो ग्रंथ कधी कळला नाही. परंतु सकाळी खराटा, मग भाकरी, रात्री कीर्तन आणि पहाटे पुढच्या गावाची वाट, हा क्रम त्यांनी जवळपास पन्नास वर्षे चालविला. लहानसा नियम घ्यावा व तो मोडू नये, ही आपल्या श्रावकाचाराला परिचित असलेली वाट हीच होय.

स्तुतीच्या बाबतीतही ते असेच दक्ष होते. पाया पडू पाहणाऱ्याला ते काठी उगारून दूर ठेवीत. त्यांनी शिष्य केला नाही, गादी निर्माण केली नाही. लोक सत्काराच्या तयारीला लागत तोवर बाबा गाव सोडून गेलेले असत.

त्यांच्या प्रेरणेने अनेक यात्रास्थानी पशुबळी बंद झाले. मूर्तिजापूर येथे गोरक्षण, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा, शिवाय सदावर्ते, वसतिगृहे व शाळा, अशी ही यादी मोठी आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. लक्षावधी रुपये उभे राहिले, पण बाबांच्या गाडग्यात भाकरीखेरीज काही गेले नाही. विश्वस्तांच्या हाती कारभार देऊन ते बाजूला होत; संस्थांवर स्वतःचा अथवा नातलगांचा हक्क त्यांनी ठेवला नाही. सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या कोणालाही हा भाग पुन्हा पुन्हा वाचावासा वाटेल.

तथापि या निःस्पृहतेची किंमत कोणी मोजली, हेही नोंदविणे आवश्यक आहे. बाबांनी घर सोडले तेव्हा मागे वृद्ध आई, पत्नी व लहान मुले होती. जगासाठी धर्मशाळा उभारणाऱ्या पुरुषाच्या पत्नीला स्वतःचे दिवस कष्टातच काढावे लागले. 1923 मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. चरित्रकार या प्रसंगाला वैराग्याची परिसीमा म्हणतात, आणि ते खरेही आहे. परंतु त्याच वेळी कुंताबाईंच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा उल्लेख फारच थोड्यांनी केला. परक्यांशी इतके कोमल असलेले बाबा आप्तांशी इतके कठोर का राहिले, याचा उलगडा सहज होत नाही. घरच्यांना थोडी जरी सवलत दिली असती, तर लोकांचा विश्वास टिकला नसता, हे एक उत्तर संभवते. ते पटले तरी कुंताबाईंचे कष्ट त्याने हलके होत नाहीत. बाबांच्या कार्याचा गौरव करताना कुंताबाईंचे नाव प्रथम घेतले जावे.

8 फेब्रुवारी 1952 रोजी गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली व विखुरलेल्या संस्थांना एक सूत्र लाभले. तोवर बाबांचे शरीर थकले होते, पण फिरणे थांबले नव्हते. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. 6 डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, प्रवासात असतानाच अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात बाबांची प्राणज्योत मालवली. अमरावतीत त्यांची समाधी आहे. 1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या डेबूजींचे नाव आज या विद्यापीठाच्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर छापलेले असते.