काळ्या आजाराचा वैरी : डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

एकच धातू विष ठरतो आणि औषधही ठरतो. तो कोणत्या संयुगात बांधला आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. हे सत्य ओळखून लाखो गरिबांना जीवदान देणाऱ्या एका भारतीय शास्त्रज्ञाचा परिचय विद्यार्थ्यांना व्हावा, म्हणून हा अल्प प्रयत्न.

उपेंद्रनाथांचा जन्म 19 डिसेंबर 1873 रोजी झाला. वडील रेल्वेत डॉक्टर होते. उपेंद्रनाथ पदवीधर झाले ते हुगळीच्या मोहसिन कॉलेजातून. दानशूर हाजी मुहम्मद मोहसिन यांनी ठेवलेल्या वक्फाच्या उत्पन्नातून 1836 मध्ये हे कॉलेज उभे राहिले आणि त्याचे दरवाजे सर्व धर्मांच्या मुलांना खुले होते. गणित व रसायनशास्त्र हे उपेंद्रनाथांचे आवडते विषय. पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्यांनी रसायनशास्त्रात एम. ए. केले आणि मग ते वैद्यकाकडे वळले. 1902 मध्ये एम. डी. आणि 1904 मध्ये पीएच. डी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. रसायन आणि वैद्यक या दोन्ही विद्या एकाच माणसाच्या ठायी एकत्र आल्या, याचे मोल पुढे कळले.

त्या काळी बंगाल, बिहार आणि आसामात काळ्या आजाराने गावेच्या गावे ओस पडत. वाळूमाशीच्या दंशातून सूक्ष्म परोपजीवी रक्तात शिरतो. ताप हटत नाही, प्लीहा वाढते, त्वचा काळवंडते आणि रोगी खंगत जातो. उपचार न झाल्यास शंभरातले नव्वदांहून अधिक रोगी दगावत.

या रोगावर अँटिमनी धातूचा उपयोग होतो, हे 1915 च्या सुमारास सिद्ध झाले होते. या धातूचे गंधकयुक्त खनिज सुरमा म्हणून आपल्याकडे जुन्या काळापासून परिचित आहे. परंतु टार्टर इमेटिक हे तेव्हाचे अँटिमनीचे औषध फार जहाल होते. त्याने उलट्या होत, हृदयावर ताण येई आणि उपचार महिनोन्महिने चाले. कित्येक रोगी ते अर्ध्यावर सोडून देत.

उपेंद्रनाथ 1905 पासून कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये शिकवीत होते. तेथील त्यांच्या संशोधनाच्या छोट्याशा खोलीत ना गॅस, ना नळ, ना वीज. रात्री रॉकेलच्या कंदिलावर काम चाले. प्रथम त्यांनी टार्टर इमेटिकमधील पोटॅशियम काढून त्या जागी सोडियम घातले. दोष थोडा उणावला, पण गेला नाही. मग त्यांनी दिशाच बदलली. आर्सेनिक सेंद्रिय रेणूत बांधल्यास त्याचा विषारीपणा कमी होतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. तशाच रेणूत आर्सेनिकच्या जागी त्यांनी अँटिमनी बसवला आणि त्याला युरियाची जोड दिली. 1920 मध्ये तयार झालेले हे औषध म्हणजेच युरिया स्टिबामाइन.

टार्टर इमेटिकमध्ये अँटिमनीची संयुजा तीन असते, तर या नव्या औषधात पाच. पंचसंयुजी अँटिमनी शरीराला तुलनेने सुसह्य असतो. शरीरात गेल्यावर त्याचे त्रिसंयुजी रूप होते आणि ते परोपजीवीची संरक्षक यंत्रणा मोडते, असे आज मानले जाते. रुग्णांवरील निष्कर्ष 1922 मध्ये प्रसिद्ध झाले. महिन्यांचा उपचार आठवड्यांवर आला आणि आसामच्या खेड्यापाड्यांत मरणपंथाला लागलेली माणसे उठून शेतावर जाऊ लागली. त्याच वर्षी उपेंद्रनाथांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. रोग बरा झाल्यावरही काहींच्या त्वचेत तो परोपजीवी दडून राहतो.

1929 मध्ये त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. 1934 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि 1936 मध्ये ते भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले. 6 फेब्रुवारी 1946 रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे बिहारमध्ये परोपजीवी अँटिमनीला दाद देईनासा झाला आणि त्याची जागा नव्या औषधांनी घेतली. म्हणून उपेंद्रनाथांचे श्रेय उणे होत नाही. उपाय हाती नव्हता, तेव्हा त्यांनी तो निर्माण केला.

प्रयोगशाळेत साधने नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार असते. साधने जरूर मागावीत. पण ती येईपर्यंत हात बांधून बसू नये, हे त्या कंदिलाच्या खोलीने दाखवून दिले आहे. आणि एका दानशूराचा पैसा शिक्षणाला लागला, तर त्याची फळे कुठवर पोहोचतात, हे हुगळीच्या त्या कॉलेजने.