बंदुकीच्या गोळीपासून मनगटाच्या उपचारापर्यंत : ‘शॉक वेव्ह’ दाखवून देणारे अर्न्स्ट माख

रात्री झोपेत हाताला मुंग्या येतात, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात, उठून हात झटकला की थोडं बरं वाटतं. हा त्रास घेऊन डॉक्टरकडे गेलात तर ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ हे नाव तुमच्या कानावर पडण्याची शक्यता बरीच आहे. गेल्या काही वर्षांत या त्रासासाठी फिजिओथेरपी केंद्रांमध्ये एक नवा उपचार सुचवला जाऊ लागला आहे, तो म्हणजे ‘शॉक वेव्ह थेरपी’.

नाव ऐकून अनेकांना वाटतं की यात विजेचा झटका देतात. तसं नाही. शॉक वेव्ह म्हणजे दाबाची एक अतिशय तीव्र लहर. ही लहर जगाला पहिल्यांदा फोटोत दिसली ती एका ऑस्ट्रियन प्राध्यापकामुळे. विमानाचा वेग ‘मॅक १’, ‘मॅक २’ असा सांगतात, तो मॅक म्हणजे हेच अर्न्स्ट माख. त्यांचा वैद्यकीय उपचारांशी थेट संबंध कधीच आला नाही. तरीही या उपचाराची गोष्ट त्यांच्यापासून सुरू करावी लागते.

‘ढ’ ठरवलेला मुलगा

माख यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३८ रोजी मोराव्हियातल्या ब्रनो शहराजवळ झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील शिकलेले होते आणि पुढे व्हिएन्नाजवळ शेती करू लागले. छोट्या अर्न्स्टला धर्मगुरूंच्या एका निवासी शाळेत घातलं, पण या मुलाला शिक्षणात गती नाही, असा निकाल शिक्षकांनी दिला आणि त्याला घरी पाठवलं. मग वडिलांनीच त्याला घरी शिकवलं. या काळात तो सुतारकामही शिकला. लाकूड तासणं, सांधे जुळवणं यात त्याचा हात चांगलाच बसला. पुढे प्रयोगशाळेत स्वतःची उपकरणं स्वतः घडवताना हीच विद्या कामी आली.

पंधराव्या वर्षी तो पुन्हा शाळेत गेला, १८५५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाला आणि १८६० मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्या काळात डॉप्लर यांच्या सिद्धांतावर मोठा वाद चालू होता. आवाज करणारी वस्तू जवळ येताना तिचा स्वर चढतो आणि दूर जाताना उतरतो, हे अनेकांना पटत नव्हतं. तरुण माख यांनी वाद घालत बसण्यापेक्षा एक फिरतं यंत्र बनवलं. त्याच्या टोकाला आवाज करणारी शिटी होती. यंत्र फिरवलं की स्वराचा चढउतार कुणालाही ऐकू येई. न दिसणारी गोष्ट इंद्रियांना जाणवेल अशी करून दाखवायची, ही त्यांची पद्धत इथूनच दिसते.

प्राग आणि गोळीचं कोडं

ग्राझमध्ये काही वर्षं शिकवल्यावर १८६७ मध्ये ते प्राग विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि तिथे २८ वर्षं राहिले. याच वर्षी त्यांचं लग्न झालं. त्यांना चार मुलगे आणि एक मुलगी झाली. प्रागमध्ये त्यांनी डोळ्यांवर, कानांवर, तोल सांभाळण्याच्या शरीराच्या क्षमतेवर काम केलं. त्यासाठी माणसाला बसवून गरागरा फिरवणारी खुर्चीसुद्धा तयार केली.

विजेची ठिणगी उडाली की हवेत नेमकं काय होतं, हा त्यांच्या आवडीचा प्रश्न होता. १८७५ च्या सुमारास त्यांनी काचेवर काजळी धरून तिच्याजवळ ठिणग्या पाडल्या. ठिणगीतून निघालेली लहर काजळीवर आपली रेघ सोडून जायची. या लहरी साध्या आवाजापेक्षा जास्त वेगाने जातात, हेही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं.

याच सुमाराला युरोपात एक वेगळाच वाद गाजत होता. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैनिकांना फार मोठ्या, खड्ड्यासारख्या जखमा झाल्या होत्या. फ्रेंच सैन्याने बंदी असलेल्या, आत स्फोट होणाऱ्या गोळ्या वापरल्या, असा आरोप झाला. गोळी आपल्यापुढे दाबलेल्या हवेचा गोळा घेऊन जाते आणि तीच हवा शरीरात घुसून अशी जखम करते, अशी कल्पना बेल्जियमचे मेलसेन्स यांनी मांडली. १८८१ मध्ये पॅरिसमध्ये माख यांनी त्यांचं व्याख्यान ऐकलं आणि ही हवा प्रत्यक्ष पाहायची असं ठरवलं.

प्रागमधले पहिले प्रयोग फसले. त्यांच्याकडच्या गोळीचा वेग कमी पडत होता. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि गोळी त्यापेक्षा वेगवान असल्याशिवाय काही दिसणार नव्हतं. म्हणून १८८६ मध्ये त्यांनी फियुमे इथल्या, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेका इथल्या नौदल अकादमीतले प्राध्यापक पीटर साल्चर यांना पत्र लिहून मदत मागितली. साल्चर यांच्याकडे वेगवान बंदुका होत्या. रचना अशी होती की गोळी जाता जाता स्वतःच विजेचं मंडल पूर्ण करायची, त्या क्षणी ठिणगी चमकायची आणि तिच्या प्रकाशात फोटो निघायचा. हवेची घनता बदलली की प्रकाश किंचित वळतो, या तत्त्वामुळे हवेतला दाबही छायेसारखा उमटायचा.

त्या वर्षी मिळालेले फोटो काही मिलीमीटरचे होते, पण त्यांत गोळीच्या टोकापुढे एक स्पष्ट वक्र रेघ होती. पाण्यात वेगाने जाणाऱ्या होडीच्या पुढून जशी तिरकी लाट निघते, तशीच. १८८७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. गोळी जितकी वेगवान तितका हा शंकू अरुंद होतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. वस्तूचा वेग आणि ध्वनीचा वेग यांचं गुणोत्तर इथे महत्त्वाचं ठरतं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२९ मध्ये, स्विस अभियंते याकोब आकरेट यांनी या गुणोत्तराला माख यांचं नाव दिलं.

शॉक वेव्ह म्हणजे नेमकं काय?

साध्या आवाजात हवेचा दाब हळूहळू वाढतो आणि हळूहळू कमी होतो. शॉक वेव्हमध्ये तो जवळजवळ एका झटक्यात वर जातो. टेकडी चढणं आणि सरळ भिंतीवर आदळणं यात जो फरक, तोच इथे आहे. ही अचानक उभी राहणारी दाबाची भिंत म्हणजे शॉक वेव्ह.

स्वतःचाच हात गेला तेव्हा

प्रागमधली शेवटची वर्षं माख यांना जड गेली. १८९४ मध्ये त्यांचा मुलगा हाइनरिख याने डॉक्टरेट मिळवल्यावर थोड्याच काळात आत्महत्या केली. पुढच्या वर्षी ते व्हिएन्नाला गेले. तिथे त्यांच्यासाठी विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचं पद निर्माण झालं होतं.

१८९८ मध्ये रेल्वेने प्रवास करताना त्यांना अचानक जाणवलं की आपला उजवा हात आणि पाय हलत नाहीत. बाकी काही बिघडल्यासारखं वाटतही नव्हतं. तो पक्षाघाताचा झटका होता. उजवी बाजू लुळी पडली. सुतारकामापासून सूक्ष्म प्रयोगांपर्यंत सगळं ज्या हाताने केलं, तो हातच गेला. माख यांनी या अवस्थेचंही निरीक्षण केलं आणि संवेदनांवरच्या आपल्या पुस्तकात ते नोंदवलं. डाव्या हाताने टाइपरायटर चालवून ते लिहीत राहिले. १९०१ मध्ये त्यांनी विद्यापीठातून निवृत्ती घेतली. सरदारकीची पदवी नाकारली, पण संसदेच्या वरिष्ठ सभागृहात जाणं मान्य केलं. कोळसा खाणीतल्या कामगारांचे कामाचे तास कमी करणाऱ्या कायद्याला मत द्यायला ते आजारपणातही गेले.

इथे वाचकांनी एक फरक लक्षात ठेवावा. माख यांचा हात मेंदूतल्या बिघाडामुळे लुळा पडला, कार्पल टनेलमध्ये मात्र बिघाड मनगटात असतो. मुंग्या आणि बधिरपणा हळूहळू वाढत असेल तर मनगटाची तपासणी करावी. पण एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठायला हवं.

अणू न मानणारा शास्त्रज्ञ

माख यांचा आग्रह होता की विज्ञानाने अनुभवाला येईल तेवढंच बोलावं. न्यूटनच्या ‘निरपेक्ष अवकाश’ या कल्पनेवर त्यांनी १८८३ च्या पुस्तकात घणाघाती टीका केली. तरुण आइनस्टाइन यांच्यावर तिचा मोठा परिणाम झाला. पण याच आग्रहापायी ते अणूंचं अस्तित्व मानायला तयार नव्हते. अणू कुणी पाहिलेला नाही, हा त्यांचा मुद्दा. या बाबतीत काळाने त्यांना चूक ठरवलं.

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी म्युनिकजवळच्या फाटरश्टेटेन या गावी मुलाकडे काढली. ७८ वा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारी १९१६ रोजी, त्यांचं निधन झालं.

म्युनिक, १९८० : मुतखड्यावर मारा

योगायोग असा की शॉक वेव्हचा पहिला मोठा वैद्यकीय उपयोग म्युनिकमध्येच झाला. डॉर्निये या विमान बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते आवाजापेक्षा वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळल्याने काय नुकसान होतं, याचा अभ्यास करत होते. त्यातून शॉक वेव्हने शरीरातला मुतखडा बाहेरूनच फोडण्याची कल्पना पुढे आली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. रुग्णाला पाण्याच्या टबात ठेवलं होतं आणि लहर तयार होत होती ती पाण्याखालच्या विजेच्या ठिणगीतून. माख यांच्या काजळीजवळची ठिणगी आठवावी अशीच ही रचना.

पुढे कमी ताकदीच्या लहरी हाडं आणि स्नायूबंधांच्या दुखण्यावर वापरल्या जाऊ लागल्या. जुनाट टाचदुखीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली अशा यंत्राला मान्यता दिली.

मग मनगटाचं काय?

मनगटाच्या आठ छोट्या हाडांवर एक जाड पट्टा ताणलेला असतो. हाडं आणि पट्टा यांच्यामधल्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि ‘मीडियन’ नावाची नस जाते. जागा मुळातच कमी असते. सूज आली की नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी मात्र सहसा सुटते.

शॉक वेव्हमुळे इथला रक्तपुरवठा सुधारतो आणि दाह कमी होतो, असा तर्क आहे. गेल्या दशकभरात यावर अभ्यास झाले. काहींत मनगटाच्या पट्ट्याशी तर काहींत स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी तुलना केली. अनेक अभ्यासांत दुखणं आणि मुंग्या काही आठवडे ते काही महिने कमी झाल्याचं दिसलं. पण बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि लहरीची ताकद, बैठकींची संख्या प्रत्येकाची वेगळी आहे. त्यामुळे सौम्य ते मध्यम त्रासात हा जोडउपचार म्हणून पाहिला जातो. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, गरज पडल्यास इंजेक्शन, आणि नस खूप दाबली गेली असेल तर तो जाड पट्टा कापून जागा मोकळी करणारी छोटी शस्त्रक्रिया, हेच आजही मुख्य उपचार आहेत. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू सुकू लागला असेल, तर शॉक वेव्हच्या भरवशावर शस्त्रक्रिया लांबवणं महागात पडू शकतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर या उपचाराआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आणखी एक गोष्ट, जी माख यांनी नक्की विचारली असती. अनेक केंद्रांतल्या ‘रेडियल’ यंत्रातून निघणारी लहर खरी शॉक वेव्ह नसते. त्यात दाबाची ती सरळ भिंत नसते, दाब तुलनेने सावकाश चढतो. तिचा उपयोग होणारच नाही असं नाही, पण एका यंत्राचे निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाहीत. म्हणून उपचार घेण्याआधी यंत्र कोणत्या प्रकारचं आहे, किती बैठकी लागतील, आणि फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार, एवढे तीन प्रश्न जरूर विचारा. आधी आणि नंतर नसेची तपासणी किंवा पकडीची ताकद मोजली, तर फरक आकड्यांत दिसेल.