युरी गागारिन

युरी गागारिन यांचा जन्म ९ मार्च १९३४ रोजी रशियातील क्लुशिनो या खेड्यात झाला. वडील सुतारकाम करीत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांनी त्यांचे घर बळकावले. कुटुंबाला जमिनीत खणलेल्या झोपडीत दिवस काढावे लागले.

युरी आधी कारखान्यात लोखंड ओतण्याचे काम शिकले आणि पुढे वैमानिक झाले. १२ एप्रिल १९६१ रोजी ‘व्होस्तोक’ यानातून पृथ्वीला एक फेरी घालून ते १०८ मिनिटांत परत आले. अंतराळात जाणारे ते पहिले मानव होत. त्याच वर्षी ते मुंबईलाही आले होते.

त्यांचे यान सुमारे ३२७ किलोमीटर उंच गेले. कोल्हापूरहून मुंबईचा रस्ताही याहून लांब आहे! चंद्र तर पावणेचार लाख किलोमीटरांहून दूर. माणूस तेथे पोहोचलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २७ मार्च १९६८ रोजी सरावाचे विमान कोसळून ते मरण पावले. तेव्हा ते अवघे ३४ वर्षांचे होते.

जुलै १९६९ मध्ये अमेरिकेचे आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. त्या काळी अमेरिका आणि रशिया यांच्यात मोठी चुरस होती. तरीही त्यांनी गागारिन यांच्या स्मरणार्थ एक पदक चंद्रावर ठेवले. ते आजही तेथेच आहे.