दोन राष्ट्रगीतांचा संगीतकार

आपल्याकडे गायन म्हणजे एका गवयाची साधना. साथीला तबला-तंबोरा असला तरी गळा एकाचाच. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियात मात्र गाणे म्हणजे हजारो कंठांनी, वेगवेगळ्या स्वरपंक्तींत, एका हाताच्या इशाऱ्यावर गायचे समूहगान. जेमतेम १३ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या देशाने आपला पहिला गीतमहोत्सव १८६९ साली तार्तू येथे भरविला, तोही रशियन झारच्या अमलाखाली असताना. त्यात ८०० हून अधिक गायक होते आणि ते सर्व पुरुष होते. आपण एक राष्ट्र आहोत हे एस्टोनियन शेतकऱ्याला कळले ते प्रथम या गाण्यांतून, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. अशा देशात समूहगानाच्या संचालकाला जे स्थान मिळते, ते अन्यत्र राजकीय पुढाऱ्याच्याही वाट्याला क्वचितच येते.

गुस्ताव एर्नेसाक्स यांना ते स्थान मिळाले. १९०८ च्या डिसेंबरात पेरिला नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. टालिनच्या संगीत विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि संगीतशिक्षक व वृंदसंचालक म्हणून त्यांनी उमेदवारी केली. इथवर सारे चारचौघांसारखे होते. पण १९४० साली सोव्हिएत रशियाने एस्टोनिया गिळंकृत केला, पुढच्या वर्षी जर्मन फौजा आल्या आणि एर्नेसाक्स रशियाच्या अंतर्भागात गेले. तेथे यारोस्लाव्हल शहरी एकत्र आणलेल्या एस्टोनियन कलावंतांमध्ये ते गायकवृंदाचे काम पाहू लागले. १९४४ साली त्यांनी पुरुषांचा व्यावसायिक गायकवृंद उभारला. त्याच वर्षी लिडिया कोइडुला या एकोणिसाव्या शतकातील कवयित्रीच्या मातृभूमीवरील कवितेला त्यांनी नवी चाल दिली. हीच कविता दुसऱ्या एका चालीवर १८६९ च्या महोत्सवात गायिली गेली होती.

मायदेशी परतल्यावर त्यांच्या हातून दुसरी चालही झाली. ती सोव्हिएत एस्टोनियाच्या अधिकृत राष्ट्रगीताची. १९४५ पासून १९९० पर्यंत ती सरकारी समारंभांत वाजत राहिली. स्वतंत्र एस्टोनियाचे जुने राष्ट्रगीत आता निषिद्ध होते. त्याच्या जागी सत्तेने जे बसविले ते एर्नेसाक्स यांचे, आणि लोकांनी मनोमन जे बसविले तेही एर्नेसाक्स यांचेच!

१९४७ साली युद्धोत्तर पहिला महोत्सव भरला व त्यात कोइडुलाचे गीत गायिले गेले. त्यानंतर दडपशाहीची लाट आली. १९४९ च्या मार्चमध्ये २०,००० हून अधिक एस्टोनियन नागरिकांना सैबेरियात धाडण्यात आले. १९५० साली टूडुर व्हेटिक, रिहो पेट्स आणि आल्फ्रेड कारिंडी या तीन नामवंत संचालकांना अटक झाली. त्या वर्षीच्या महोत्सवातून ते गीतही गळाले. एर्नेसाक्स मात्र मंचावर राहिले. सहकारी कैदेत असताना त्यांना पदके व पारितोषिके मिळत गेली. १९५६ मध्ये सोव्हिएत संघाचे लोककलावंत, १९७० मध्ये लेनिन पारितोषिक. यात तडजोड होती हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ही तडजोड केवळ स्वतःच्या सुखासाठी होती काय, याचे उत्तर शोधताना त्यांचे काम काय होते हे पाहावे लागते.

महोत्सवाचे गायक गावोगावचे असतात. शिक्षक, मजूर, विद्यार्थी आपापल्या गावच्या वृंदात महिनोन्महिने आपापली स्वरपंक्ती घोटतात आणि मग टालिनला येऊन एकत्र उभे राहतात. मंच एवढा प्रचंड की पुढचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचायला वेळ लागतो. मागच्या गायकाने कानावर भरवसा ठेवला तर तो हमखास मागे पडणार. त्याला संचालकाच्या हातावरच विसंबावे लागते. हा विसंबा एका दिवसात येत नाही. गावोगावच्या वृंदांची ही वीण विस्कटली असती तर ती पुन्हा जुळविणे जवळजवळ अशक्य होते. एर्नेसाक्स यांनी ती सांभाळली, आणि सत्तेचे राष्ट्रगीत हा तिचा मोबदला ठरला. तो मोबदला फार होता असे मानणारा अटकेतील संचालकांकडे बोट दाखवील, आणि त्याचे म्हणणे सहजासहजी खोडून काढता येणार नाही.

१९६० च्या महोत्सवात, नव्या कमानदार मंचावर, गायकांनी सत्ताधाऱ्यांची मर्जी न पाहता कोइडुलाचे गीत गायिले. हजारो गायकांना आणि त्याहून किती तरी अधिक श्रोत्यांना अटक कोण करणार? पुढील महोत्सवांत ते गीत अधिकृत कार्यक्रमात आले. सरकारने परवानगी दिली असे कागदोपत्री म्हणता येईल. वस्तुतः परवानगी आधीच घेतली गेली होती. १९६९ च्या शताब्दी महोत्सवापर्यंत ते देशाचे अलिखित राष्ट्रगीत होऊन बसले होते. १९८८ च्या सप्टेंबरात याच मैदानावर सुमारे ३,००,००० लोक जमल्याचा अंदाज आहे. त्या काळातील चळवळीला जगाने गाणारी क्रांती हे नाव दिले.

ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. जुने राष्ट्रगीत परत आले. एर्नेसाक्स यांची सरकारी चाल त्याआधीच निवृत्त झाली होती. जानेवारी १९९३ मध्ये टालिन येथे त्यांचे निधन झाले. २००४ साली महोत्सवाच्या मैदानावर त्यांचा ब्राँझचा पुतळा बसविण्यात आला. पुतळ्यातील एर्नेसाक्स हात उंचावून उभे नाहीत. ते बसलेले आहेत. कोइडुलाचे गीत अजूनही महोत्सवात गायिले जाते, आणि ते सुरू होताच श्रोतेही उठून उभे राहतात.