शिक्षकांचे शिक्षक : डॉ. झाकीर हुसेन

आपला वर्धा जिल्हा कापसाचा मुलूख म्हणून पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. परंतु १९३७ सालीं या जिल्ह्यांतून प्राथमिक शिक्षणाची एक नवी योजना निघाली, आणि तिच्यामुळें वर्ध्याचें नांव शिक्षणाच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें. ही कल्पना महात्मा गांधींची, हें बहुतेकांस ठाऊक असतें. ती कल्पना सामान्य खेडेगांवच्या शिक्षकाला वर्गांत कशी उतरवितां येईल, याचा विचार ज्यांनीं पुढाकार घेऊन केला, त्या डॉ. झाकीर हुसेन यांची ओळख मात्र आपल्या मुलांस फारशी नसते. म्हणून हा अल्प परिचय.

झाकीर हुसेन यांचा जन्म ता. ८ फेब्रुवारी १८९७ रोजीं हैदराबाद येथें झाला. लहानपणींच त्यांचे पितृछत्र हरपलें, आणि १९११ सालीं प्लेगनें त्यांची आईहि ओढून नेली. इटावा येथें शालेय शिक्षण पुरें करून ते अलीगडच्या कॉलेजांत गेले. १९२० सालीं असहकारितेची हांक आली, तेव्हां त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं तें कॉलेज सोडलें. ‘जामिया मिलिया’ ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था त्याच वर्षीं अलीगड येथें जन्मास आली, व पुढें ती दिल्लीस नेण्यांत आली. मग ते जर्मनीस गेले आणि अर्थशास्त्रांत बर्लिनची डॉक्टर ही पदवी मिळवून १९२६ सालीं स्वदेशीं परतले.

अशा विद्वानास मोठ्या पगाराची जागा सहज मिळाली असती. परंतु जामिया त्या वेळीं अगदीं मोडकळीस आली होती. एकोणतिसाव्या वर्षीं त्यांनीं तिचा भार शिरावर घेतला. वीस वर्षें संस्थेंत राहावयाचें व दरमहा दीडशें रुपयांहून अधिक कधींहि घ्यावयाचे नाहींत, अशी शपथ त्यांनीं व सहकाऱ्यांनीं वाहिली. संस्थेचे प्रमुख असूनहि लहान मुलांविषयीं त्यांना विशेष ओढा असे. एकदां प्राथमिक शाळेच्या समारंभांत ते मुलांना मिठाई वाटीत होते. तेवढ्यांत त्यांची चिमुकली मुलगी वारल्याचा निरोप कोणीं तरी कानांत सांगितला. त्यांनीं हात थांबविला नाहीं. मुलांच्या आनंदावर विरजण पडूं नये म्हणून सर्वांस मिठाई मिळेपर्यंत ते तेथेंच उभे राहिले, असें सांगतात.

ता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. मुलांना एखाद्या हस्तव्यवसायाच्या द्वारें सर्व शिक्षण द्यावें आणि त्या कामाच्या उत्पन्नांतून शाळेचा खर्च निघावा, असा विचार तेथें पुढें आला. झाकीर हुसेन यांना हातांच्या कामाचें मोल पटलें होतें. तरीहि त्यांनीं उभें राहून स्पष्टपणें एक इशारा दिला. उत्पन्नावरच भर दिला, तर शिक्षक मुलांकडून राबवून घेणारा मुकादम बनेल, आणि मग टकळी पुस्तकापेक्षांहि जाचक होईल, अशी भीति त्यांनीं बोलून दाखविली. एवढ्या थोर पुरुषापुढें मतभेद मांडणें सोपें नव्हतें. परंतु गुणांची पारख पाहा! योजना तयार करण्यासाठीं जी समिति नेमली, तिचें अध्यक्षपद याच टीकाकाराकडे आलें. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, कुमारप्पा अशी मंडळी त्या समितींत होती.

दीड महिन्याच्या आंत, ता. २ डिसेंबर रोजीं, अहवाल तयार झाला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत, सक्तीचें व मातृभाषेंतून शिक्षण द्यावें, असें त्यांत होतें. रोजच्या साडेपांच तासांपैकीं ३ तास २० मिनिटें हस्तव्यवसायाला दिलीं होतीं. परंतु हा वेळ नुसत्या कातण्याचा नव्हता. टकळीवरचें सूत मोजतांना गणित यावें, कापसावरून जमीन, पाऊस व हवामान कळावें, कापडाच्या व्यापारावरून इतिहास उलगडावा, अशी ती योजना होती.

मग प्रश्न उभा राहिला तो शिक्षकाचा. जो गुरुजी स्वतः पाठांतरावर वाढला, तो टकळीवरून भूगोल कसा शिकविणार? हा प्रश्न समितीनें टाळला नाहीं. शिक्षकांसाठीं तीन वर्षांचा पूर्ण व तातडीच्या गरजेसाठीं एक वर्षाचा, असे दोन अभ्यासक्रम तिनें सुचविले. १९३८ च्या एप्रिलमध्यें वर्ध्यास विद्यामंदिर ट्रेनिंग स्कूल उघडलें. त्याच वर्षीं हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन होऊन झाकीर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले. चिटणीस आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनीं सेवाग्राम येथें शिक्षक घडविण्याचें काम वर्षानुवर्षें केलें. जामियांतहि याच हेतूनें शिक्षकांचें विद्यालय निघालें.

पुढें काय झालें, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. १९३९ च्या अखेरीस प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले व योजनेचा आधार तुटला. स्वातंत्र्यानंतर तिचा प्रसार झाला, पण पुष्कळ ठिकाणीं पाटी तेवढी बदलली आणि शिकविणें जुनेंच राहिलें. आपल्या हातून घडलेल्या योजनेच्या या सोंगाविषयीं झाकीर हुसेन यांनीं स्वतःच कठोर शब्द काढले. स्वतःच्या कामाचें अपयश चारचौघांत सांगणें, हें धैर्य थोड्यांनाच असतें.

पुढें ते बिहारचे राज्यपाल, १९६२ सालीं उपराष्ट्रपति व १९६७ सालीं राष्ट्रपति झाले. १९६३ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. ता. ३ मे १९६९ रोजीं त्या पदावर असतांनाच त्यांचें देहावसान झालें. आपल्या आवडत्या जामियाच्या आवारांतच त्यांना चिरविश्रांति मिळाली.

आज टकळीच्या जागीं संगणक आला आहे. नवीं यंत्रें एका दिवसांत शाळेंत येऊन पडतात, परंतु त्यांवर शिकविणारा शिक्षक एका दिवसांत तयार होत नाहीं. त्याला वेळ, सोबत व विश्वास द्यावा लागतो. विद्यार्थीमित्रहो, नवा विषय शिकवितांना तुमचे गुरुजी किंवा बाई क्षणभर अडखळल्या, तर हंसूं नका. तेहि त्या वेळीं तुमच्याबरोबर शिकत असतात. आणि पालकांनींहि शाळेंत किती यंत्रें आलीं हें विचारतांना, शिक्षकांस शिकण्यास किती सवड मिळाली, हेंहि अवश्य विचारावें. झाकीर हुसेन यांच्या चरित्रापासून आपण घ्यावयाचा बोध हाच आहे.