निश्चिंत नावाचा बंगला, ससून नावाचा माणूस

आपण सगळे पुण्यात वाढलो. त्यामुळे ससून हा शब्द माणसाचं नाव म्हणून आपल्याला कधी भेटलाच नाही. ससूनला नेलंय, ससूनमध्ये ॲडमिट आहेत, ससूनवरून सरळ स्टेशनला जा, असंच आपण म्हणत आलो. स्मरणिकेत शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ जण आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. म्हणून मी या माणसाबद्दल लिहायचं ठरवलं. त्याला कारणही आहे. शाळेला वाचनालयाची खोली बांधून द्यायची असं आपल्या बॅचचं ठरतं आहे, आणि तिच्यावर देणगीदारांची नावं कोरायची की नाही यावर आपल्यात बरीच खडाजंगी झाली. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकताना मला सारखा डेव्हिड ससून आठवत होता.

त्याचा जन्म १७९२ साली बगदादमध्ये झाला. घराणं ज्यू. वडील शेख ससून बिन सालेह हे बगदादच्या पाशांचे मुख्य खजिनदार आणि तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख होते. म्हणजे मुलगा सोन्याचा चमचा तोंडात घेऊनच आला होता. पण दाऊद पाशाच्या काळात ज्यूंचे हाल सुरू झाले आणि खजिनदाराच्या घराण्यावरही गदा आली. डेव्हिडला बगदाद सोडून इराणच्या आखातावरच्या बुशेर बंदरात आसरा घ्यावा लागला. वडीलही तिथे आले आणि १८३० मध्ये तिथेच वारले. पुढे १८३२ च्या सुमारास डेव्हिड ससून मुंबईत उतरला. तेव्हा त्याचं वय चाळिशीला टेकलं होतं. बायकोमुलं सोबत, गाव सुटलेलं, आणि सगळं पहिल्यापासून उभं करायचं होतं.

फोर्टातल्या टॅमरिंड लेनमध्ये त्याने पेढी थाटली. बगदाद, बसरा, बुशेरकडचे व्यापारी त्याच्या ओळखीचे होते आणि अरबी, फारसी, तुर्की, हिब्रू या भाषा त्याला येत होत्या. आखाताकडे इंग्लंडचं कापड पाठवायचं आणि तिकडचा माल मुंबईत आणायचा, अशी सुरुवात झाली. इंग्रजी त्याला कधी आली नाही. १८५३ मध्ये तो ब्रिटिश प्रजाजन झाला, पण अंगरखा आणि पागोटं हा बगदादी पेहराव शेवटपर्यंत सुटला नाही.

मुंबईत त्याच्याआधीपासून ज्यू होते. आपले बेने इस्रायली, कोकणातले शनवार तेली, घरात मराठी बोलणारे. बगदादहून आलेली मंडळी त्यांच्यापेक्षा वेगळी राहिली. धर्म एकच असला तरी भाषा, पेहराव आणि चालीरीती निराळ्या होत्या. या बगदादी मंडळींसाठी १८६१ मध्ये ससूनने भायखळ्यात मागेन डेव्हिड हे सिनेगॉग बांधलं.

आता बंगल्याकडे येतो. पैसा आल्यावर ससून कुटुंब फोर्टातून भायखळ्याला राहायला गेलं. तेव्हा भायखळा हे बड्या लोकांच्या बंगल्यांचं उपनगर होतं. त्यांच्या बंगल्याचं नाव होतं साँ सुसी. फ्रेंचमध्ये याचा अर्थ निश्चिंत, काळजीविना. हे नाव जगभर फिरलेलं आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४५ ते १७४७ या काळात पॉट्सडॅमला याच नावाचा उन्हाळी महाल बांधला होता. हैतीचा राजा आंरी क्रिस्तोफ याने मिलो या गावी बांधलेल्या महालाचं नावही तेच. १८४२ च्या भूकंपात तो महाल पडला, त्याचे अवशेष अजून आहेत. आणि त्याच हैतीत साँ सुसी नावाचा एक माणूसही होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला आणि फ्रेंचांशी लढलेला एक सेनानी. त्याला याच क्रिस्तोफने मारलं. पुढे महालाचं नाव इतकं गाजलं की त्या नावाचा माणूसही होता हे लोक विसरून गेले. पुण्यात ससूनचं तेच झालं. इमारत राहिली आणि माणूस तिच्या मागे गेला. गंमत अशी की ससून या हिब्रू शब्दाचा अर्थच आनंद असा आहे. आनंद नावाचा माणूस निश्चिंत नावाच्या घरात राहत होता.

पण तो पैसा कुठून आला, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तो कापड आणि कापसातून आला, तसाच अफूतूनही आला. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. चीनच्या बादशहाने बंदी घातली होती, तरी इंग्रजांनी पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची पाच बंदरं व्यापाराला उघडून घेतली. दोनच वर्षांनी, १८४४ मध्ये, ससूनने आपला दुसरा मुलगा इलियास याला चीनला पाठवलं. हाँगकाँग आणि शांघायला पेढीच्या शाखा निघाल्या. दुसऱ्या अफू युद्धाच्या सुमारास चीनला ही आयात कायदेशीरही करावी लागली. ससून एकटाच या धंद्यात नव्हता. मुंबईचे इतर अनेक शेठ त्यात होते आणि खुद्द सरकार अफूच्या महसुलावर पोसलेलं होतं. पण इतर होते म्हणून ससूनचा वाटा कमी होत नाही. चीनमधल्या किती घरांची राखरांगोळी झाली, हे भायखळ्याच्या बंगल्यातून दिसत नव्हतं.

त्याला आठ मुलगे. एकेकाला त्याने एकेका बंदरात धंदा शिकायला पाठवलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ससूनची पेढी आणखी वर गेली.

याच वर्षांत त्याने हात सैल सोडला. त्याआधी १८५७ मध्ये गुन्ह्यात सापडलेल्या आणि निराधार मुलांना धंदेशिक्षण देणारी सुधारशाळा त्याच्या देणगीतून सुरू झाली होती. माहीमची डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल ती हीच. मग पुण्यातलं हॉस्पिटल आलं. कॅम्पातलं सिनेगॉग आलं, ज्याला आपण सगळे लाल देऊळ म्हणतो. मुंबईत काळा घोड्याजवळचं वाचनालय आलं.

या वाचनालयाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते ससूनच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. सरकारी टांकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या मेकॅनिक आणि फोरमन मंडळींनी १८४७ मध्ये आपल्या हौसेने एक मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली होती. यंत्रांचे नमुने ठेवायचे, पुस्तकं जमवायची, आपलं काम नीट समजून घ्यायचं, एवढाच हेतू. तिला धड जागा नव्हती. १८६३ मध्ये ससूनने इमारतीसाठी ६० हजार रुपये दिले. म्हणजे वाचणारी माणसं सोळा वर्षं आधीपासून होती, पैसा मागून आला.

यातलं पूर्ण झालेलं त्याने किती पाहिलं? जवळजवळ काहीच नाही. नोव्हेंबर १८६४ मध्ये डेव्हिड ससून पुण्यात वारला. हॉस्पिटल सुरू झालं १८६७ मध्ये. लाल देवळाचं कामही १८६७ मध्येच पुरं झालं. दोन्हींचे आराखडे हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या एकाच इंजिनिअरने केले होते. वाचनालयाची इमारत तर १८७० मध्ये तयार झाली. त्याला लाल देवळाच्याच आवारात पुरलं. कॅम्पातून आपण शेकडो वेळा गेलो असू, पण आत त्याची कबर आहे हे मला तरी नोकरीतून निवृत्त झाल्यावरच कळलं.

त्याच्यामागे घराण्याचं काय झालं, तेही थोडक्यात सांगतो. थोरला अब्दुल्ला पुढे सर अल्बर्ट ससून झाला. कुलाब्याची ससून गोदी त्याने बांधली, १८७५ मध्ये. व्यापारी जहाजांसाठी बांधलेल्या त्या गोदीवर आज पहाटे कोळणींचा मासळीबाजार भरतो. इलियासने १८६७ मध्ये वेगळी पेढी काढली आणि त्याच्या वंशजांनी शांघायमध्ये मोठमोठ्या इमारती उठवल्या. लंडनला गेलेल्या आणखी एका मुलाचा नातू म्हणजे पहिल्या महायुद्धावर कविता लिहिणारा इंग्रज कवी सिगफ्रीड ससून. बगदादमधून पळालेल्या माणसाचा पणतू इंग्रजीत कवी झाला आणि पणजोबाला इंग्रजी येत नव्हती.

आणि बंगला? साँ सुसीत आज भायखळ्याचं मसीना हॉस्पिटल आहे. १९०२ पासून तिथे रुग्ण येतात. निश्चिंत नावाच्या घरात आता लोक काळजी घेऊन येतात आणि पुष्कळ जण बरे होऊन जातात. ते घर भायखळ्यात अजून साँ सुसी म्हणून कोण ओळखतं? राहण्यासाठी घेतलेल्या घराचं नाव पुसलं गेलं, आणि दुसऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतींचं नाव रिक्षावाल्याच्याही तोंडात आहे.

आता आपल्या खोलीबद्दल. नावं कोरू नयेत, देणं गुप्त असावं, असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे की नाव कोरलं म्हणून दान खोटं होत नाही. ससूनच्या नावाच्या हॉस्पिटलात गरिबाला खाट मिळते, आणि ते नाव काढलं तर ती एकही वाढणार नाही. कोरावीत असं म्हणणाऱ्यांना सांगायचं आहे की दगडावरचं नाव माणसाला धुऊन काढत नाही. अफू अफूच राहते. हॉस्पिटल चांगलं आहे आणि पैशाचा एक वाटा वाईट होता, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकाने दुसरं खोडायचं नाही. मुलांना सांगायचं तर दोन्ही सांगावीत.

माझं मत विचाराल तर पाटीवर फक्त बॅचचं वर्ष असावं. पण त्याहून आधी दुसरी गोष्ट ठरवावी. काळा घोड्याचं वाचनालय टिकलं, कारण इमारतीच्या आधी तिथे वाचणारे होते. आपल्या शाळेत आज मधल्या सुट्टीत पुस्तक मागायला किती मुलं येतात, हे आधी बाईंना विचारावं. येत असतील तर खोली बांधू. येत नसतील तर पहिली दोन वर्षं पुस्तकांना, एका ग्रंथपालाच्या पगाराला आणि वाचनतासाला पैसे देऊ, आणि खोली मग बांधू. आपल्यापैकी काही जण तेव्हा ती बघायला नसतील. ससूनही नव्हता.