जोडेघाटचा भीम

जामबागेत विवेक वर्धिनीच्या आसपास वाढलेल्या आम्हां मराठी मुलांना भीम ठाऊक होता तो महाभारतातला. आपल्याच संस्थानातला कोमरम भीम मला फार उशिरा कळला.

१९०१ साली आसिफाबादेकडे एका गोंड घरात तो जन्मला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या गोंडांच्या जमिनी दप्तरात भलत्याच्याच नावावर चढत. उरल्या त्या राखीव जंगलात जात. अशाच तंट्यात त्याच्या हातून एक माणूस मेला आणि तो आसामच्या चहामळ्यांत पळाला, असे सांगतात. परतल्यावर त्याने मागितले काय, तर बारा गावांची जमीन आणि रान. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीला तो बळी पडला.

मग सरकार जागे झाले! उठावाची कारणे शोधायला हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा पंडित नेमला. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करणारी शाळा निघाली. पुढे हजारो गोंडांना पट्टे मिळाले.

निजामाला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण त्या मुलखातले कित्येक पटवारी मराठी, आपल्याच गोतातले होते. २०१६ साली जिल्ह्याला भीमाचे नाव मिळाले. पटवाऱ्यांच्या दप्तरांची बासने आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर अजून असतील.